दुसऱ्या दिवशीची बासुंदी

नीळकंठ मुळावकरांचा 'निरंक' या शब्दावर राग होता. सरकारी नोकरीत राहून या शब्दावर राग धरणं म्हणजे राजूरच्या कोळशाच्या खाणीत नोकरी करून काळ्या रंगावर राग धरण्यासारखं आहे. पण मुळावकरांनी तो वर्षानुवर्षं निष्ठेनं धरला.

यवतमाळला जिल्ह्याचा साथरोग कक्ष होता, तिथे ते बसत. कक्ष म्हणजे एक खोली, एक टेलिफोन, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि नव्या योजनेतून आलेला एक संगणक, ज्याच्यावरचं प्लास्टिकचं आवरण धूळ बसू नये म्हणून कधी काढलं जात नसे. मुळावकर डॉक्टर नव्हते. आरोग्य सहायक म्हणून लागले आणि चढत चढत समन्वयक झाले. जिल्ह्यात कुठे चार माणसांना एकदम उलट्या झाल्या तर ते सगळ्यांत आधी आपल्याला कळलं पाहिजे, हे त्यांचं काम होतं. ते कळू नये यासाठी उरलेला जिल्हा झटत असे.

दर सोमवारी ते आरोग्य केंद्रांना फोन लावत.

"उलटी-जुलाब?"

"निरंक, सर."

"लग्नं किती झाली तुमच्याकडे मागच्या आठवड्यात?"

"लय झाली न सर. लग्नतिथच मोठी होती."

"तेरव्या?"

"त्या तर चालूच राह्यते."

"आणि एवढ्या पंगती उठल्या, पण एकाच्याही पोटात दुखलं नाही? धन्य आहे तुमचं गाव. इथून एखाद-दोन आचारी जिल्ह्याला पाठवा. डॉक्टर, निरंक म्हणजे आजार नव्हता असं नाही. निरंक म्हणजे तुम्ही विचारलं नाही."

नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात ते हेच शिकवत. रोग पकडायचा तर रोग्याच्या उशाशी बसून भागत नाही, पंगत शोधावी लागते. कोण कोण जेवलं, काय वाढलं, कोणी काय खाल्लं नाही. "ज्यानं पानात घेतलं नाही आणि ज्याला काही झालं नाही, तो आपला खरा साक्षीदार. त्याला आधी शोधा." आणि मग सगळ्यांत अवघड प्रश्न: पंगत कोणाची होती? आपल्याकडे आजाऱ्याला आजाराची लाज वाटत नाही, ती यजमानाला वाटते. आणि यजमानाची लाज राखायला अख्खं गाव पोट धरून गप्प बसतं. महाप्रसादानं कोणी आजारी पडत नाही, तेरवीनं तर नाहीच नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं वाढलेलं अन्न बाधलं म्हणणं म्हणजे मेलेल्यालाच नाव ठेवणं.

यावर त्यांची एक ठरलेली गोष्ट होती. केळापूर तालुक्यात एका सभापतींच्या मुलीचं लग्न झालं आणि मठ्ठा प्यायलेलं वऱ्हाड परतीच्या वाटेवर जागोजागी गाड्या थांबवत गेलं. मुळावकर चौकशीला गेले. सभापती म्हणाले, "माह्या मांडवाची बदनामी करता का?" मुळावकर म्हणाले, "मांडवाबद्दल माझी काही तक्रार नाही साहेब. मठ्ठ्याबद्दल आहे." आणि अहवालात यजमानाचं पूर्ण नाव घातलं. बदलीची धमकी आली, बदली आली नाही. ही गोष्ट प्रत्येक तुकडीला दुपारच्या जेवणाआधी ऐकवली जाई, आणि त्यानंतर मठ्ठ्याला कोणी हात लावत नसे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, वर्तमानपत्रात जिल्ह्याचं नाव रोज आणि कधी चांगल्या कारणानं नाही. मुंबई-दिल्लीचे पत्रकार यवतमाळच्या लॉजवर मुक्कामाला असत आणि सकाळी चहाच्या टपरीवर विचारत, आज कुठे? आमच्या भागात डॉक्टर देतो त्याला गोळ्या म्हणतात. 'औषध' म्हणजे फवाऱ्यातलं. त्यामुळे उलट्या करत माणूस दवाखान्यात आला की त्याला "काय खाल्लं?" असं कोणी विचारत नव्हतं. "काय घेतलं?" असं विचारत. नर्स तोंडाचा वास घेई, पोलीस शिपाई पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसे आणि घरचे शपथा घेत की याच्या मनात तसं काहीच नव्हतं. शिळ्या आलूबोंड्यानं पोट बिघडलेला माणूससुद्धा मग दवाखान्यात जायला धजत नसे. चार दिवस घरीच लोळे, पण गावाच्या तोंडी 'यानं घेतलं' म्हणून जाणं नको. मुळावकरांच्या मते जिल्ह्यातल्या अर्ध्या पंगती या भीतीखाली पुरल्या गेल्या होत्या.

एवढं कडक बोलणाऱ्या माणसाचं घर कसं असेल, याचं लोकांना कुतूहल असे. घर चांगलं होतं. वडील नाना कोर्टातून निवृत्त झालेले, पत्नी सुनीती कन्याशाळेत संस्कृत शिकवणारी. घराचे अन्नाबाबत दोन नियम होते आणि ते पिढ्यानपिढ्या चालत आलेले होते. शिळं खायचं नाही. अन्न टाकायचं नाही. ही दोन तत्त्वं एका घरात गुण्यागोविंदानं नांदवायची तर दुसरं घर लागतं. मुळावकरांकडे ते होतं. दारव्ह्याच्या पुढे त्यांची थोडी शेती होती आणि ती जवळच्या बंजारा तांड्यावरचा रामधन राठोड बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करत असे. गौरींच्या पुरणपोळ्या, गणपतीचे मोदक, दिवाळीचा नरम पडलेला चिवडा, सगळं दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी टॅक्सीत बसून दारव्ह्याला जाई आणि तिथून रामधनकडे. रामधन भांडं लख्ख घासून परत पाठवत असे, आणि रिकामं कधी नाही. त्यात तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, काही नसेल तर मूठभर बोरं असत. रिकामं भांडं परत करायचं नाही, हा त्याच्या घरचा नियम होता. सुनीती म्हणत, "किती माणुसकी आहे बघा त्यांच्यात." ते खरंच होतं.

नानांचं सहस्रचंद्रदर्शन कापूस वेचणीच्या दिवसांत आलं. बाकी स्वयंपाक आचाऱ्याकडे, पण नैवेद्याची बासुंदी सुनेनं सोवळ्यात आटवायची, असं नानांनी सांगितलं. नानांच्या अंदाजानं दूध आणलं गेलं, आणि नानांचा अंदाज ते नोकरीत होते तेव्हाच्या ओळखीपाळखीवर बसलेला होता. त्यातले बरेच जण आले नाहीत. काहींना तर आता येणं शक्यच नव्हतं. पूजेच्या वेळी सुनीतींच्या बोटाला हळद-तेलाची चिंधी बांधलेली मुळावकरांनी पाहिली.

"काय झालं?"

"नखुर्डं झालंय. ठणकून राहिलं नुसतं. तुम्ही पळी द्या."

त्यांनी पळी दिली. दुपारी पंगत बसली, बासुंदी वाखाणली गेली, कोणाला काही झालं नाही. उरलेली बासुंदी दुधाच्या कॅनमध्ये भरली. कॅन फ्रिजमध्ये मावेना, कारण फ्रिजमध्ये हार होते. रात्रभर ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहिली. सकाळी सुनीतींनी पुन्हा एक उकळी आणली, चारोळ्या कमी वाटल्या म्हणून हातानं वरून पेरल्या आणि कॅन काळी-पिवळीत चढवली. "रामधनला म्हणावं, वेचणीच्या बायांना पण दे. गोड कुठलं मिळतं त्यांना."

त्या दिवशी दुपार कलल्यावर मुळावकरांच्या टेबलावरचा फोन वाजला. दारव्ह्यापुढच्या एका आरोग्य केंद्रावर डॉ. सलील म्हणून तरुण डॉक्टर होते, मुळावकरांच्याच तुकडीत तयार झालेले.

"सर, तुम्ही म्हणता तसं लगेच कळवतोय. कापूस वेचणाऱ्या बाया आणल्यात, सगळ्यांना उलट्या. फवारणीची विषबाधा. पहिल्या बाईला अॅट्रोपिन सुरू केलंय."

"डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या का? बारीक झाल्यात?"

"हो... बाहुल्या तशा नॉर्मल आहेत."

"लाळ? घाम? छातीत घरघर?"

"नाही, सर. नुसत्या उलट्या आणि पोटात मुरडा."

"मग थांबवा ते अॅट्रोपिन. फवारणी नाही ही. सलाइन लावा. आणि काय खाल्लं ते विचारा! किती वेळा सांगायचं तुम्हाला? कापसाच्या शेतात उलटी झाली म्हणून काय कापूसच खाल्ला का त्यांनी?"

डॉ. सलील पलीकडे कोणाशी तरी बोलले. आवाज परत आला. "भाकरी, चटणी, सर. आणि कोणीतरी गोड पाठवलं होतं म्हणतात. बासुंदी. जेवल्यावर थोड्याच वेळात सुरू झालं."

मुळावकरांनी नमुन्याच्या बाटल्यांची पेटी जवळ ओढली.

"सर? ऐकू येतंय ना?"

"येतो मी," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

जीपमध्ये त्यांच्याजवळ नमुन्याच्या बाटल्या होत्या. वाटेत त्यांना सगळं उत्तर माहीत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माहीत नसतं तर बरं, असं वाटत होतं. बोटाच्या पुवातून दुधात काय उतरतं, रात्रभर कोमट राहिलेल्या दुधात ते काय तयार करतं, आणि एकदा तयार झालेलं ते विष सकाळच्या उकळीनं जात नाही, हे ते फळ्यावर काढून दाखवत. आकृती छान काढत.

केंद्राच्या व्हरांड्यात बाया रांगेनं झोपवल्या होत्या, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगलेल्या. बाहेर लिंबाखाली तांड्याचे पुरुष उभे होते आणि मधोमध रामधन, एकटा. तांड्याचा नायक गोविंदा नाईक बोलत होता.

"कवा फवारलं बे? परवा का काल?"

"नाही फवारलं न काका. याडीची आन."

"याडीची आन घेऊन राह्यला! तुही याडीच पडली हाय न आतमधी. फवारलं अन् बायांले सांगतलंही नाही. आता तुह्या वावरात कोनी पाय ठेवनार नाही. वेच तूच एकटा, अन् घाल त्या कापसाची गादी करून."

याडी म्हणजे आई. रामधनची आई रुपीबाई आत पहिल्याच खाटेवर होती. अॅट्रोपिन टोचलं गेलं ते तिलाच. तिचं तोंड कोरडं पडलं होतं आणि ती सारखी ओठ चाटत होती. मुळावकरांना पाहून तिनं डोक्यावर पदर ओढायचा प्रयत्न केला.

"कायले आले भाऊ एवढ्या दूर? नानाजीचं कसं झालं? बासुंदी लय गोड व्हती. पोटात राह्यली नाही पन, आमचंच नशीब."

मुळावकर बाटल्या घेऊन तसेच बाहेर आले. रामधननं त्यांना गाठलं. त्याच्या हातात कॅन होती, घासून लख्ख केलेली. बाया पडायच्या आधीच त्यानं ती घासली होती, त्यामुळे नमुना घ्यायला त्यात काही उरलं नव्हतं. आत तुरीच्या शेंगा होत्या.

"वहिनीले द्या. अन् भाऊ, तुम्ही मोठे सायेब हाय. सांगा न नायकाले, म्या नाही फवारलं."

डॉ. सलील दारात उभे राहून बघत होते.

मुळावकर लिंबाखाली गेले. माणसांनी त्यांना वाट करून दिली. त्यांनी अगदी स्पष्ट, प्रशिक्षणातल्या आवाजात सांगितलं की ही फवारणी नाही, रामधनचा यात काही दोष नाही, आणि हे ते लिहून द्यायला तयार आहेत. एवढं बोलून ते थांबले असते तरी चाललं असतं. पण नायकानं विचारलं, आणि तो प्रश्न मुळावकरांनीच जिल्ह्याला शिकवला होता.

"मंग कायनं झालं?"

"पाणी," मुळावकर म्हणाले.

"पानी?"

"शेतात नेलं होतं ना मडक्यातून? ते तुमच्या विहिरीचं. विहीर दूषित असेल."

नायकानं मान हलवली. पाणी सगळ्यांनाच पटतं. पाण्याला सोयरे नसतात, मांडव नसतो, तेरवी नसते. मुळावकरांच्या मनावरचा दगड उतरला, आणि तो कुठे पडला हे त्यांनी त्या वेळी बघितलं नाही.

पुढचं सरकारी कामात होतं तसं, एकदा चुकीच्या दिशेनं निघालं की फार चटकन झालं. तांड्याच्या विहिरीत ब्लिचिंग पावडरची पोती ओतली गेली, ती मुळावकरांच्याच सहीनं निघाली. विहिरीच्या कठड्यावर लाल रंगात 'पिण्यास अयोग्य' असं लिहिलं. तांड्याच्या बाया पाण्यासाठी टेकडीपलीकडच्या एका पाटलाच्या बोअरवर जाऊ लागल्या. तिथे पाटलाची सून त्यांना आधी स्वतःचं भरून होईपर्यंत उभं ठेवी. सलाइन संपलेल्या बायाही चार दिवसांत त्या रांगेत लागल्या. यवतमाळला जिल्हा आरोग्य अधिकारी साहेबांनी मुळावकरांची पाठ थोपटली. एकही जीव न जाता, एकही बातमी न होता साथ आटोक्यात आली, असं काम व्हायला पाहिजे म्हणाले.

घरी सुनीतींनी कॅन घेतली, शेंगा सुपात ओतल्या. "आवडली का त्यांना बासुंदी?"

"आवडली," मुळावकर म्हणाले.

शेंगा रात्री उकडून खाल्ल्या. ताज्या होत्या.

सोमवार आला. मुळावकर एकेका केंद्राला फोन लावत गेले. त्या दिवशी कोणी निरंक म्हटलं तर ते नुसते 'बरं' म्हणत होते. शेवटी डॉ. सलील यांचा नंबर लागला.

"निरंक, सर," सलील म्हणाले. मग थोडं थांबून, "सर, एक सांगायचं होतं. त्या बायांमध्ये एक गरोदर होती. तीही त्याच मडक्यातलं पाणी प्यायली. तिला काही झालं नाही. दुधाचा वास सहन होत नाही म्हणून तिनं बासुंदी घेतली नव्हती."

मुळावकरांच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सवयीनं, पुढचा प्रश्न निघून गेला. "कोणाकडची होती बासुंदी?"

पलीकडे नोंदवही मिटल्याचा आवाज आला.

"ते मी विचारलं नाही, सर."

सलील यांनी रामधनला ती कॅन देताना पाहिलं होतं. 'वहिनीले द्या' हेही ऐकलं होतं. मुलगा हुशार होता, तुकडीत पहिला आलेला. त्याला मुळावकरांनी आत्तापर्यंत जे शिकवलं होतं ते त्यानं नीट शिकून घेतलं होतं, आणि त्या दिवशी लिंबाखाली जे शिकवलं, तेही.

"बरं," मुळावकर म्हणाले आणि फोन ठेवून नकाशाकडे बघत बसले. जिल्ह्यातला प्रत्येक ठिपका आता त्यांना त्याच अदबीनं उत्तर देऊ शकणार होता.

संध्याकाळी त्यांनी सुनीतींना सांगितलं. सुनीती पणतीची वात करत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला आणि त्यांनी बोटाकडे पाहिलं. जखम भरली होती.

"म्हणजे मी..."

"तू नाही. म्हणजे तू, पण..."

"उकळली होती मी. सकाळी परत उकळली होती."

"हो."

आतून नाना म्हणाले, "सोवळ्यातलं अन्न बाधत नाही." त्यांना ऐकू कमी येई, पण नेमकं जे ऐकू येऊ नये ते येई.

"सगळ्या बऱ्या झाल्या ना?" सुनीतींनी हळूच विचारलं. "मग सांगायलाच पाहिजे का? शाळेत कळेल. माझ्या हाताचं कोणी..."

"विहीर बंद आहे त्यांची."

सुनीती पुन्हा वात वळायला लागल्या, ती नीट वळली गेली नाही, म्हणून सोडून परत वळली. मग म्हणाल्या, "सांगा. पण मला बरोबर नेऊ नका. मला नाही उभं राहवणार तिथे."

सकाळी मुळावकर आधी साहेबांकडे गेले आणि अहवाल दुरुस्त करायचा आहे म्हणाले.

"पाण्यावर मिटलेलं प्रकरण दुधावर कशाला नेता, मुळावकर?"

"कारण ते दुधाचंच आहे, साहेब."

"दूध कोणाचं?"

"माझं."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मुळावकर त्याच ठिकाणी उभे होते. "तुम्हाला निरंक लिहिता येत नाही का हो?" साहेब खरोखरच काकुळतीनं म्हणाले.

मुळावकरांनी यजमानाच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं. सभापतींचं लिहिलं होतं तसंच, वडिलांच्या नावासकट. मग काळी-पिवळीनं दारव्ह्याला गेले. सरकारी जीप मागायला तोंड नव्हतं.

तांड्यावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. रामधननं बाज टाकली. नायक गोविंदा येऊन टेकला, चार-दोन माणसं जमली, बाया दाराआड उभ्या राहिल्या. दूर वावरात कापूस पांढरा फुटून लोंबत होता. बाया आता रामधनकडे वेचायला येत होत्या, पण अर्धा दिवस पाण्यातच जात असल्यामुळे वेचणी रेंगाळली होती. रुपीबाई घरातून पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आली. मुळावकरांनी हात पुढे केला, पण पेला तोंडाला लाववेना.

"प्या न भाऊ, भिऊ नका," ती म्हणाली. "आपल्या विहिरीचं नाही देत तुमाले. टेकडीपल्याडून आनलं, बोअरचं. सकाळपासून लायनीत उभी व्हती मी."

दोन घोट त्यांनी कसेबसे घेतले. पेला खाली ठेवला.

"विहीर चांगली आहे," ते म्हणाले.

"आँ?" नायक म्हणाला.

"तुमची विहीर चांगली आहे. तिच्यात काही नव्हतं. बाया आजारी पडल्या त्या आमच्या बासुंदीनं. मला त्याच दिवशी माहीत होतं. मी खोटं बोललो."

आधी जमलेल्यांना ते खरं वाटलं नाही, आणि मग मुळावकरांसाठी तेच ओशाळले. रामधन तर पार खाली बघायला लागला, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती.

"असं नका म्हनू बाप्पा," रुपीबाई म्हणाली. "देवाचं अन्न व्हतं ते. नानाजीच्या पूजेचं."

"पूजेचं होतं. आदल्या दिवशीचं."

रुपीबाईनं यावर थोडा विचार केला. ती म्हातारी होती, तिला कशाची घाई नव्हती. "मंग तुमच्या घरचं कोनी पडलं का? वहिनी? नानाजी?"

"नाही."

"काहून?"

नीळकंठ मुळावकरांनी हजारो माणसांना विचारलं होतं, कोणी खाल्लं नाही आणि का खाल्लं नाही. त्यांना स्वतःला कधी कोणी विचारलं नव्हतं.

"आम्ही दुसऱ्या दिवशीचं खात नाही," ते म्हणाले.

एक कोंबडी बाजेखालून निघून गेली. दाराआडच्या बायांपैकी एक काहीतरी त्यांच्या गोर बोलीत पुटपुटली आणि दुसरीनं तिला चूप केलं. पुरणपोळ्या, मोदक, चिवडा, इतक्या वर्षांच्या सगळ्या कॅना आणि डबे त्या अंगणात येऊन एका ओळीत उभे राहिल्यासारखे झाले. रामधननं अजून मान वर केली नव्हती.

नायकानं घसा साफ केला. गावाच्या कारभाऱ्याला सगळं झाल्यावर कामाचं बोलावं लागतं. "मंग विहीर चालू करू का?"

"करा."

"अन् ते लाल रंगानं लिवलं ते कोन पुसन?"

"मी पुसतो."

"तुमच्यानं काय पुसनं होते! ऑइल पेंट हाय तो." नायक उठला. "राहू द्या. लेकरायले सांगतो घासाले."

तांड्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या, असं मुळावकर नंतर म्हणत. शिव्या दिल्या असत्या तर माणूस काहीतरी ऐकून घरी गेला असता.

बायांनी पाण्याचे रिकामे गुंड उचलले आणि त्या विहिरीकडे निघाल्या. रुपीबाईनं मुळावकरांचा अर्धा राहिलेला पेला उचलला, त्यातलं बोअरचं पाणी तुळशीत ओतलं आणि तीही त्यांच्यामागे गेली. थोड्या वेळानं परत आली. पेला काठोकाठ भरलेला होता. तिनं तो त्यांच्यासमोर धरला.

"घ्या," ती म्हणाली. "ताजं हाय. आत्ताच काढलं."

मुळावकरांनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि ते तळ दिसेपर्यंत प्यायले. पाण्याला ब्लिचिंगचा उग्र वास होता. ती पावडर त्यांच्याच सहीनं आली होती.